नाव सगळ्यांचं, नोटीस तुम्हाला

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या एका माणसाने 1994 साली ‘पिझ्झा डॉट कॉम’ हे नाव नोंदवून टाकलं. पिझ्झा विकला नाही, दुकान काढलं नाही, वर्षाला 20 डॉलर भरत राहिला. 2008 मध्ये लिलाव झाला आणि नाव गेलं 26 लाख डॉलरला. दोनच वर्षांनी ‘इन्शुरन्स डॉट कॉम’ने तर 3 कोटी 56 लाख डॉलर मिळवले.

असले आकडे कानावर पडले की कुणालाही वाटतं, आपणही एखादं साधंसुधं, रोजच्या वापरातलं नाव पकडून ठेवावं. लग्न, भाडं, मिसळ, संत्री, तिकीट, काहीही. शब्द तर शब्दकोशातला, तो कुणाच्या बापाचा थोडाच आहे? बरोबर, कुणाच्याच बापाचा नाही. पण मग तो तुमचाही नाही! डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावांच्या, धंद्यातली कितीतरी भांडणं याच खड्ड्यात अडकलेली असतात. नाव नोंदवलं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं नसतं, आणि शब्द साधा आहे म्हणून समोरच्याचा ट्रेडमार्क गळून पडतो असंही नसतं. काही किस्से फार मजेशीर आहेत.

76 टक्के नापास, 74.8 टक्के पास

‘हॉटेल्स डॉट कॉम’ला अमेरिकेत आपल्या नावाचा ट्रेडमार्क हवा होता. त्यांनी लोकांची पाहणी करून घेतली. 76 टक्के लोक म्हणाले, हा ब्रँड आहे. अपील न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं, असेल. पण ‘हॉटेल’ म्हणजे हॉटेल, आणि शेपटीला ‘डॉट कॉम’ लावल्याने त्याचं सोनं होत नाही. ट्रेडमार्क नामंजूर.

अकरा वर्षांनी ‘बुकिंग डॉट कॉम’चं तसंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. त्यांच्या पाहणीत 74.8 टक्के लोकांनी नाव ब्रँड म्हणून ओळखलं, म्हणजे हॉटेल्सपेक्षा किंचित कमीच. पण 30 जून 2020 रोजी आठ विरुद्ध एक मतांनी ते जिंकले. निकाल न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला. ग्राहक ज्या नावाकडे एका विशिष्ट कंपनीचं नाव म्हणून पाहतात, त्याला सर्वसाधारण म्हणता येत नाही, असा त्याचा गाभा.

एकटे विरोधात होते न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर. त्यांनी त्याच पाहणीतली गंमत दाखवून दिली: 33 टक्के लोकांनी ‘वॉशिंगमशीन डॉट कॉम’लाही ब्रँड ठरवलं होतं. शेवटी ‘डॉट कॉम’ दिसलं की लोकांना काहीही ब्रँड वाटतं, असं माझंही मत आहे. पण निकाल माझ्या मताने लागत नाहीत.

या खटल्याची आणखी एक नोंद व्हायला हवी. 4 मे 2020 रोजी त्याची सुनावणी झाली ती टेलिफोनवर, कोविडमुळे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासातली ती पहिली फोनवरची सुनावणी, आणि लोकांना घरबसल्या थेट ऐकू आलेलीही पहिलीच. वर्षानुवर्षं बाकावर गप्प बसण्यासाठी प्रसिद्ध असलेले न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी त्या दिवशी प्रश्नही विचारले.

आणि एवढं जिंकून बुकिंगवाल्यांच्या हाती काय आलं? एक कमजोर ट्रेडमार्क. त्यांनी स्वतःच न्यायालयात तसं मान्य केलं होतं. मिळतंजुळतं नाव लावणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागावं, एवढा दम असल्या नावात नसतो.

शादी एकच, निकाल दोन

आता आपल्या मुंबई उच्च न्यायालयात या. वादी ‘शादी डॉट कॉम’ची कंपनी, न्यायमूर्ती गौतम पटेल. 2014 मध्ये समोर होतं ‘शादी ही शादी डॉट कॉम’. पडद्यामागे, म्हणजे वेबसाइटच्या कोडमध्ये, ‘शादी डॉट कॉम’ हे नाव पेरून ठेवलेलं. शोधणारा शादीकडे निघायचा आणि पोचायचा भलतीकडे. न्यायालयाने मनाई हुकूम दिला.

दोन वर्षांनी तेच वादी, तेच न्यायमूर्ती आणि समोर ‘सेकंड शादी डॉट कॉम’. हे संकेतस्थळ घटस्फोटित, विधवा-विधुर मंडळींच्या पुनर्विवाहासाठी. या वेळी मनाई नाही मिळाली. लग्न जुळवणाऱ्याने ‘शादी’ हा शब्द वापरायचा नाही तर वापरायचा तरी कोणता? शब्द धंद्याचं वर्णन करतो, आणि वर्णनावर मक्तेदारी देता येत नाही.

दोन्हीकडे शब्द तोच होता. फरक होता वागण्यात. एकाने दुसऱ्याचं गिऱ्हाईक चोरवाटेने वळवलं, दुसऱ्याने आपण काय करतो ते पाटीवर सरळ लिहिलं. डोमेनच्या बहुतेक तंट्यांत शेवटी याचीच झडती होते. तुम्ही कोणता शब्द घेतला यापेक्षा त्या शब्दावर काय मांडून बसलात, हे जास्त पाहिलं जातं.

दिल्लीतही असे जोडकिस्से सापडतात. 2000 साली ‘म्युच्युअल फंड्स इंडिया’ने ‘म्युच्युअल फंड इंडिया’विरुद्ध दाद मागितली. दोन्ही डॉट कॉम, फरक फक्त एका ‘एस’चा. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई दिली नाही, कारण नाव निव्वळ वर्णनाचं. पण 2002 मध्ये ‘नौकरी डॉट कॉम’ गेलं तेव्हा चित्र उलटं. समोरच्याने इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ घालून नाव नोंदवलं होतं आणि तिथे येणाऱ्याला तो आपल्या नोकरीच्या दुसऱ्याच वेबसाइटवर नेऊन सोडत होता. इथे मनाई मिळाली. ‘एस’ सुटला, ‘ए’ अडकला!

‘बुक माय शो’वाल्यांनी ‘बुक माय स्पोर्ट्स’ला अडवायचा प्रयत्न केला तेव्हाही 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. ‘बुक माय’ हे दोन शब्द काही एकाच कंपनीचे नव्हेत. एखाद्या कंपनीने वर्णनाचं नाव घेतलं की ते लोकांच्या तोंडी लगेच बसतं, जाहिरातीचा खर्च वाचतो. त्या सोयीची किंमत अशी पुढे वसूल होते.

टायर, सीटबेल्ट आणि सात ‘&’

हा माझा सगळ्यात आवडता किस्सा, म्हणून जरा सावकाश सांगतो.

डिसेंबर 2005 मध्ये युरोपियन युनियनने ‘डॉट ईयू’ सुरू केलं. पहिले काही महिने सर्वसामान्यांना दार बंद. आधी मान ट्रेडमार्कवाल्यांचा, नाव हवं असेल तर ट्रेडमार्कचा कागद दाखवा. ऑस्ट्रियातल्या एका कंपनीला ‘रायफेन डॉट ईयू’ हवं होतं. जर्मनमध्ये रायफेन म्हणजे टायर. टायरच्या धंद्यासाठी ‘टायर’ हा ट्रेडमार्क कोण देणार? कुणीच नाही.

कंपनीने नियम काढले आणि वाचले. त्यात एक ओळ होती. ट्रेडमार्कमध्ये एखादं विशेष चिन्ह असेल आणि डोमेनमध्ये ते बसत नसेल, तर ते गाळून टाकता येईल. झालं! कंपनीने स्वीडनमध्ये अर्ज केला. ट्रेडमार्क कोणता? रायफेनच्या सहा अक्षरांपैकी प्रत्येकाच्या आगेमागे ‘&’ लावलेला. सहा अक्षरं, सात ‘&’. आणि कशासाठी? टायरसाठी नव्हे, सीटबेल्टसाठी. सीटबेल्टला ‘टायर’ म्हटलं तर ते वर्णन होत नाही, म्हणून हरकतही नाही. ट्रेडमार्क मिळाला. डोमेनचा अर्ज करताना सगळे ‘&’ गळाले आणि खाली उरलं नितळ, चकचकीत ‘रायफेन’.

हे एकदाच नव्हे. कंपनीने अशाच 33 सर्वसाधारण शब्दांचे ट्रेडमार्क स्वीडनमध्ये मागितले होते आणि 180 डोमेनसाठी अर्ज केले होते. एकही सीटबेल्ट विकायचा विचार नव्हता.

मग समोरून आले एक गृहस्थ. त्यांच्याकडेही ‘रायफेन’ हा ट्रेडमार्क, बेल्जियम-नेदरलँड्सकडचा, कशाचा म्हणाल तर खिडक्या-काचा साफ करायच्या द्रवाचा. ‘साफसफाई’ आणि ‘खिडकी’ या जर्मन शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडली की रायफेन होतं! म्हणजे एका बाजूला टायर नसलेला सीटबेल्ट, दुसऱ्या बाजूला टायर नसलेलं काचपुसणं, आणि भांडण टायरच्या नावावर. प्रागच्या लवादाने नाव कंपनीकडून काढून घेतलं. कंपनी कोर्टात गेली, प्रकरण युरोपियन न्यायालयापर्यंत चढलं. 3 जून 2010 रोजी न्यायालयाने सांगितलं की, वापरायचाच नाही असा ट्रेडमार्क घेणं, त्यात अर्थहीन चिन्हं खुपसणं, अशा अर्जांचे ढीग लावणं, या सगळ्यावरून हेतू वाईट होता असं ठरवता येतं.

कंपनी हुशार होती यात शंका नाही. पण एवढी हुशारी कागदावर दिसली की न्यायाधीशाला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

संत्रं विका, सिमकार्ड नको

डॉट कॉम नावांचे तंटे बहुतेक वेळा कोर्टात न जाता जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातात. 1999 पासून हा रस्ता खुला आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव माझ्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं. फी एका पंचासाठी 1,500 डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून जास्त. उत्तर द्यायला मुदत 20 दिवस. दंड नाही, भरपाई नाही. नाव राहतं, जातं किंवा रद्द होतं.

शब्दकोशातल्या नावांसाठी या संघटनेच्या मार्गदर्शनात उदाहरण दिलंय ते ‘ऑरेंज’चं. ऑरेंज ही मोठी मोबाइल कंपनी. पण नाव घेऊन कुणी संत्र्यांची किंवा त्या रंगाची माहिती देणारी वेबसाइट चालवत असेल तर त्याचा हक्क शाबूत. नागपुरातल्या एखाद्या संत्रे व्यापाऱ्याने असं नाव घेतलं, बागा दाखवल्या, पेट्यांचे भाव लावले, तर त्याला झोप लागायला हरकत नाही. त्याच पानावर रिचार्जची बटणं आली की मात्र खेळ खलास.

आता खरी मेख. तो व्यापारी म्हणतो, वेबसाइट दिवाळीनंतर करू, तूर्त नाव तर घेऊन ठेवतो. रिकाम्या नावावर अनेक रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपन्या, आपणहून जाहिरातींचं पान लावतात. त्या जाहिराती यंत्र निवडतं. ‘ऑरेंज’ म्हटल्यावर यंत्र संत्री दाखवेल की मोबाइलचे प्लॅन? अंदाज बांधा. आणि ‘जाहिराती मी नाही लावल्या, आपोआप आल्या’ हा बचाव पंच सहसा ऐकून घेत नाहीत. नाव तुमचं, पान तुमचं, जबाबदारी तुमची. संत्र्याचा एकही शब्द न लिहिता माणूस सिमकार्डवाला ठरतो.

दुसरी मेख तारखेची. ट्रेडमार्क जन्मायच्या आधी तुम्ही नाव नोंदवलं असेल तर वाईट हेतू सिद्ध करणं फार अवघड. म्हणून लोक जुनी, 1996-97 ची नावं दलालाकडून विकत घेतात आणि निर्धास्त होतात. पण मोजली जाते ती तारीख तुम्ही विकत घेतल्याची, पहिल्या मालकाने नोंदवल्याची नव्हे. नाव म्हातारं असलं तरी तुमच्या हाती ते तान्हंच.

तिसरी, पत्राची. साध्या शब्दाचं नाव ‘विक्रीसाठी’ म्हणून बाजारात ठेवणं हा गुन्हा नाही. पण त्या शब्दाचा ट्रेडमार्क असलेल्या कंपनीला आपणहून ‘साहेब, एवढे लाख द्या, नाव तुमचं’ असा मेल टाकलात, तर तोच मेल पुढे तक्रारीला जोडून येतो.

आणि पंच म्हणजे माणसंच. 2000 साली ‘क्रू डॉट कॉम’ हे नाव कपड्यांच्या ‘जे. क्रू’ कंपनीला देऊन टाकण्यात आलं. क्रू म्हणजे जहाजावरची, विमानातली, नाटकाच्या पडद्यामागची कुठलीही मंडळी. त्या मालकाने सट्टा म्हणून ढीगभर नावं जमवली होती, ते त्याला भोवलं. तीन पंचांपैकी एकाने जोरदार विरोध नोंदवला. मला तो एकटाच बरोबर वाटतो.

देशालाच आपलं नाव मिळेना

ट्रेडमार्कचा कागद नसेल तर राणीचंही चालत नाही. न्यूझीलंडने 2002 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या नावे तक्रार केली की ‘न्यूझीलंड डॉट कॉम’ एका अमेरिकी कंपनीकडे आहे, ते आम्हाला द्या. पंचांनी नकार दिला. पुढच्याच वर्षी सरकारने मुकाट्याने 5 लाख अमेरिकी डॉलर मोजून नाव विकत घेतलं.

बार्सिलोना शहराला ‘बार्सिलोना डॉट कॉम’ 2000 मध्ये पंचांनी दिलं आणि 2003 मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. शहराचं निव्वळ नाव अमेरिकी कायद्यात ट्रेडमार्क होत नाही. फ्रान्स जास्त चलाख निघाला. ‘फ्रान्स डॉट कॉम’ 1994 पासून एका फ्रेंच-अमेरिकी माणसाकडे होतं. फ्रान्सने पॅरिसच्या न्यायालयातून निकाल मिळवला आणि 2018 मध्ये नाव सरकारकडे गेलं. तो अमेरिकेत लढला, पण 2021 मध्ये उत्तर मिळालं की परक्या सार्वभौम राष्ट्रावर इथे असा खटला चालत नाही.

हापूस सर्वसाधारण आहे का?

नाही, आणि इथे कोकणातल्या मंडळींनी कान टवकारावेत. शॅम्पेन उत्पादकांच्या फ्रेंच समितीने 2011 मध्ये ‘शॅम्पेन डॉट को’ मागितलं आणि ते हरले. भौगोलिक मानांकन म्हणजे आपोआप ट्रेडमार्क नव्हे, असं पंचांचं म्हणणं पडलं. हे वाचून ‘हापूस’ किंवा ‘कोल्हापुरी चप्पल’ घालून डोमेन घ्यायला कुणी धावेल. घ्या, पण तंटा जिनिव्हात सुटला म्हणून भारतात सुटत नाही. हापूसला 2018 मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळालंय. हापूसच्या नावाने रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पट्ट्याबाहेरचा आंबा विकलात तर 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्यात खोट्या मानांकनासाठी कैदेची तरतूद आहे.

जाता जाता, चणे-फुटाणे

‘डेल्टा’ हा नळाचाही ब्रँड, दातांच्या विम्याचाही आणि विमानाचाही. ट्रेडमार्क तिघांचे सुखाने नांदतात, कारण धंद्यांचे वर्ग वेगळे; एकूण वर्ग 45. पण ‘डेल्टा डॉट कॉम’ एकच असू शकतं. ते विमान कंपनीला मिळायला 2000 साल उजाडलं.

त्याच साली टाटा सन्सने एका अमेरिकी प्रौढ वेबसाइटकडून नाव काढून घेतलं. त्या नावात ‘टाटाज’ होतं, पण टाटांच्या बॉम्बे हाउसशी संबंध नव्हता. अमेरिकी बोलीत त्याचा अर्थ स्त्रीच्या अंगाशी निगडित आहे. तिथे तो शब्द सर्वसाधारणच. तरी टाटा जिंकले. आडनाव पुरेसं मोठं असलं की शब्दकोशही बाजूला सरकतो.

भारतात डोमेनसाठी वेगळा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ‘सिफी’च्या प्रकरणात सांगितलं की दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचा जुना नियम डोमेनलाही लागू. त्याआधी 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’ला ‘रॅडिफ’पासून वाचवलं होतंच.

‘डॉट इन’ नावांचा नियम डॉट कॉमपेक्षा कडक आहे. तिथे नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूचे असावे लागतात, इथे दोहोंपैकी एक पुरतं.

ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर नाव शोधायला एक पैसा लागत नाही. उच्चारावरूनही शोधता येतं, म्हणजे स्पेलिंग वाकवून नवं नाव केल्याचा आनंद तिथेच मावळतो. एका व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे 4,500 रुपये. नोंदणी दहा वर्षांची.

मराठी शब्द घेतला म्हणून सुटका होत नाही. ‘चहा’ देवनागरीत लिहा, रोमनमध्ये लिहा किंवा 2014 पासून मिळणाऱ्या ‘डॉट भारत’वर घ्या, चहा विकणाऱ्यासाठी चहा म्हणजे चहाच. वडापावावर कुणाची मालकी नाही, पण ‘जंबोकिंग’वर आहे, ‘गोली’वर आहे.

शेवटचं, पुण्या-नाशिकच्या दुकानदारांसाठी. डॉट कॉमची मुख्य नोंदवही सांभाळणारी व्हेरिसाइन ही कंपनी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात आहे. मालक हाती लागत नसेल किंवा अमेरिकी कोर्टाच्या कक्षेत येत नसेल, तर तिथल्या 1999 च्या कायद्यानुसार ट्रेडमार्कवाला थेट त्या नावावरच दावा लावू शकतो, आणि तो व्हर्जिनियात चालतो. नोटीस जाते नोंदवहीतल्या पत्त्यावर आणि इमेलवर. कुणी हजर झालं नाही तर नाव जातं. ज्याने वेबसाइट करून दिली त्या मुलाने डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जुन्या इमेलवर घेतलेलं असतं आणि तो आता बंगळुरूत नोकरीला असतो, अशी दुकानं लक्ष्मी रोडवर किती निघतील?